अंग पसरायला जागा

नदाफ साहेबांना काहीही विचारणं म्हणजे आपल्या हातानं आपली सकाळ वाया घालवणं. आमच्या गल्लीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. "साहेब, आज लई उकडतंय," एवढं म्हटलं की साहेब सिमेंटपासून सुरुवात करायचे. उन्हानं रस्त्याची पाठ तापते, पोट गार राहतं, मग पाठ पसरते, मधला भाग वर येतो आणि कोपरे खाली दबतात... इथवर ऐकणारा पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचा आणि भाजीचं निमित्त काढून सटकायचा. साहेबांचं पुढचं वाक्य तोंडातच राहायचं. त्याचा त्यांना राग नसायचा. ते उरलेलं वाक्य घेऊन समोर माझ्या गिरणीत यायचे.

मंगळवार पेठेत माझी पिठाची गिरणी आहे. मालक गेल्यापासून मी एकटीच चालवते. दिवसभर पट्ट्याच्या घरघरीवर ओरडून बोलायचं, त्यामुळं माझा आवाज मोठा आणि तोंड फटकळ. ज्याला सोसेल त्यानं दळण टाकावं, नाहीतर पुढच्या गल्लीत दुसरी गिरणी आहे. साहेबांचा आवाज मात्र इतका बारीक की गिरणी चालू असली की नुसते ओठ हलताना दिसायचे. आम्हा गिरणीवाल्यांना ओठ बघून कळतं, गहू किती, जोंधळा किती, जाड का बारीक. पण साहेबांचं बोलणं गव्हाजोंधळ्याचं नव्हतं. त्यातलं निम्मंअर्धं कानावर पडायचं आणि मी आपली मान हलवायची.

साहेब मूळचे नेसरीकडचे. वडील पिंजारी होते, गावोगाव फिरून कापूस पिंजायचे आणि गाद्या भरायचे. गादीत कापूस ठासून भरायचा नाही, ती उन्हात टाकली की फुगते, तिला अंग पसरायला जागा पाहिजे, हे वडिलांनी पोराला शिकवलं. पोरगा शिकून शहराच्या रस्ते खात्यात इंजिनियर झाला आणि गादीचं ते सगळं त्यानं रस्त्यांना लावलं. खात्यात साहेब फारसे वर चढले नाहीत. वरच्या माणसानं काहीही फर्मावलं की म्हणायचे, "बरं." काम लवकर उरका. बरं. सिमेंट जरा हात राखून टाका. बरं. आणि तिथून निघायचे ते सरळ कामावर जाऊन आपल्याला हवं तेच करायचे. त्यांच्या मिसेस शमाभाभी सांगायच्या की लग्नात काझींनी विचारलं तेव्हाही हे "बरं" म्हणाले होते, कबूल म्हणायला दोनदा सांगावं लागलं.

घरात कपाट भिंतीला टेकवू द्यायचे नाहीत. मागं दोन बोटं जागा ठेवायची म्हणजे ठेवायची. भाभी वैतागायच्या, की ही झुरळांची सोय आहे. साहेब डाव्या हाताची दोन बोटं फाकवून दाखवायचे, "एवढीच," म्हणायचे आणि विषय संपायचा.

आमच्या गल्लीचा रस्ता त्यांच्या नोकरीच्या शेवटी झाला. आयुष्यभर त्यांनी रस्ते केले, पण प्रत्येकात कुणाची ना कुणाची घाई शिरली. कधी उद्घाटन, कधी निवडणूक, कधी ठेकेदाराचं बिल. पहिल्यापासून शेवटपर्यंत मनासारखा झाला तो हा एवढाच. आपल्या दारातला होता, म्हणून ते स्वतः उभे राहिले. उन्हाळा होता. भर दुपारी काँक्रीटची गाडी येऊन उभी राहिली तर साहेबांनी ती परत पाठवली. ठेकेदारानं वर फोन लावून फोन साहेबांच्या कानाला दिला. पलीकडून कोण ते भरपूर झापत असावं. साहेब सगळं ऐकून "बरं, बरं" म्हणाले, फोन परत दिला आणि दारातल्या फळीवर बसून राहिले. उन्हं उतरल्यावरच पहिलं घमेलं पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर साहेब उकिडवे बसून नव्या रस्त्यावर खिळ्यानं रेघ ओढून तो किती धरलाय ते बघतायत. "अजून नाही," म्हणायचे, थोड्या वेळानं पुन्हा ओढायचे. मग एकदम उठले आणि कटरवाल्याला बोलावलं. त्यानं कोऱ्या रस्त्यावर आडव्या चिरा पाडायला सुरुवात केली तेव्हा सगळी गल्ली हळहळली. मी तर गिरणी बंद करून भांडायलाच गेले, की एवढा चांगला रस्ता केला आणि आता करवत कसली लावता? तेव्हा त्यांनी सांगितलं ते मात्र मला स्वच्छ ऐकू आलं, कारण गिरणी बंद होती.

"मी नाही कापला तर तो आपणहून फुटेल, वैनी. गारव्यात आकसतो तेव्हा त्याला कुठंतरी फुटावंच लागतं. आपण फक्त जागा दाखवायची."

पुढं फुगण्याचंही काहीतरी सांगत होते. गल्ली वर चौकाच्या काँक्रीटला टेकलीय आणि खाली नाल्याच्या पुलाला, दोन्हीकडून अडलीय, म्हणून मधे मधे रुंद फटी ठेवल्यात आणि त्यात मऊ डांबरी मसाला भरणार आहे, असं. तेवढ्यात दळणवाली बाई हाका मारायला लागली आणि मी परत गेले. त्या आठवड्यात साहेबांनी माझी झाडून सगळी रिकामी पोती नेली, रस्त्यावर अंथरली आणि दिवसभर भिजवत ठेवली. पोती गेली ती गेलीच. मी दारात जाऊन चांगलं सुनावलं. साहेब म्हणाले, "बरं."

पहिल्या गणपतीला मंडपाची वेळ आली. तालमीचा संभा तेव्हा नुकताच मंडळाचा अध्यक्ष झालेला, अंगापिंडानं दांडगा आणि मनानं लोणी. तो पहार घेऊनच आला. म्हणाला, फटी आयत्याच हायत की साहेब, त्यातच खांब ठोकतो. साहेबांनी सिमेंटपासून सुरुवात केली. संभानं पिशवी नव्हती म्हणून पहारच या हातातून त्या हातात घेतली आणि पळाला. साहेबांना कळलं की हे बोलून होणारं नाही. दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातून हातगाडीवर तेलाची रिकामी पिंपं घालून आणली, स्वतः घमेल्यानं वाळू भरली, आणि एकेका पिंपात एकेक बांबू रोवून दाखवला. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. संभाला एवढी लाज वाटली की त्यानं साहेबांच्या हातातलं घमेलं ओढूनच घेतलं. तेव्हापासून गणपतीला तीच पिंपं आणि मोहरमच्या मंडपालाही तीच. आणि तेव्हापासून संभा साहेबांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. शब्दामागचं कारण ऐकायला मात्र तोही कधी थांबला नाही.

रिटायर झाल्यावर साहेबांना एकच काम उरलं. फटींतला मसाला वर्षागणिक सुकून उडून गेला होता आणि त्यात वाळू, खडे, पोरांच्या गोट्या जाऊन बसायच्या. थंडीच्या दिवसांत सकाळी साहेब बुटकं स्टूल घेऊन रस्त्यावर बसायचे आणि चिंधी गुंडाळलेलं करवतीचं पातं फटीत घालून एकेक खडा काढायचे. थंडीत रस्ता आकसतो, फट उघडते, तेव्हाच खडा निघतो म्हणे. साहेब रस्त्याचे दात कोरतात, अशी चेष्टा व्हायची. मीही करायचे, खोटं कशाला बोलू. नवा मसाला भरून द्या म्हणून ते आपल्या जुन्या ऑफिसात खेटे घालायचे. तिथं चहा मिळायचा आणि "होतंय की साहेब" असं उत्तर मिळायचं.

एकदा सकाळी मला रस्त्यावर बोलावलं. फटीपाशी, साहेबांच्या भाषेत सांध्यापाशी, कोपऱ्यावर टाच आपटायला लावली. बद्द असा पोकळ आवाज आला. म्हणाले, रात्रीच्या गारव्यानं कोपरा उठलाय, खाली हवा आहे, दुपारी येऊन बघा, वाजायचा नाही. मी म्हटलं, मला काय उद्योग नाही का? पण दुपारी जेवायला गिरणी बंद केली तेव्हा राहवलं नाही. कुणी बघत नाही असं बघून त्याच जागी टाच मारली. खरंच वाजला नाही. दगडावर मारल्यासारखी टाच झिणझिणली. मला इतकी मजा वाटली की आणखी दोन कोपरे वाजवून बघितले. मान वर केली तर साहेब खिडकीत उभे, सणाला नवे कपडे मिळालेल्या पोरासारखं हसत होते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्या स्टुलावरच त्यांच्या अंगावरून वारं गेलं. फटी कोरून झाल्या होत्या, सगळ्या स्वच्छ आणि मोकळ्या. मसाला कुठून आणायचा एवढाच प्रश्न होता. दवाखान्यातून परत आले ते चाकाच्या खुर्चीवर. उजवी बाजू गेलेली, मान सारखी लटलटणारी, आणि वाचा गेलेली. वाचा गेली म्हणजे सगळी नाही गेली. एक शब्द राहिला होता. बरं.

पाणी हवंय? बरं. नकोय? बरं. कुठं दुखतंय, साहेब? बरं. त्यांना म्हणायचं वेगळं असायचं, ते डोळ्यांत दिसायचं, पण तोंड उघडलं की तेवढंच बाहेर पडायचं. हातात पेन दिलं तर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा. डॉक्टर म्हणाले, रोज व्यायामाला आणि बोलायच्या सरावाला आणा, हळूहळू शब्द परत येतील. चौकापलीकडं ते सेंटर होतं. संभा आणि तालमीची पोरं पाळी लावून खुर्ची ढकलत न्यायची. सख्खा लेक करणार नाही एवढं केलं त्या पोरांनी, हे मी कुणापुढंही सांगेन. फक्त प्रत्येक फटीवर खुर्चीला दणका बसायचा. साहेबांची मान हिसकायची आणि ते कण्हायचे. भाभी एकदा संभासमोर बोलून गेल्या, की या फटींनी जीव घेतला यांचा.

झालं. संक्रांतीच्या सुमाराला एका रविवारी सकाळी पोरांनी वाळू-सिमेंट कालवलं. साहेबांना नवा शर्ट घालून दारात बसवलं, डोक्याला फेटा बांधला, गळ्यात हार घातला. संभानं छोटंसं भाषण केलं, की साहेबांनी गल्लीला रस्ता दिला, आज गल्ली साहेबांना गुळगुळीत रस्ता देणार, आता एकपण दणका बसू द्यायचा न्हाय. टाळ्या वाजल्या. आणि त्यानं थापीनं पहिली फट सिमेंटनं बुजवायला घेतली. हाडं गोठवणारी थंडी होती त्या दिवशी. फटी जेवढ्या उघडायच्या तेवढ्या उघडलेल्या होत्या.

साहेब म्हणाले, "बरं." मग जोरात, "बरं, बरं, बरं." डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, फेटा एका बाजूला घसरला होता. बायका पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या, साहेबांना भरून आलं.

मी गिरणीच्या दारात पिठानं माखलेली उभी होते. सवयीनं त्यांच्या ओठांकडं बघितलं. ओठही "बरं" एवढंच म्हणत होते. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि डाव्या हाताची दोन बोटं फाकवून वर धरली. कपाटामागची दोन बोटं. मी तशीच रस्त्यावर गेले आणि संभाला म्हटलं, थांब, त्यांना नकोय हे.

"बरं म्हणत्यात की वैनी. तुमीच ऐका," संभा म्हणाला. मग साहेबांपुढं वाकून प्रेमानं विचारलं, "साहेब, बुजवू न्हवं?"

"बरं," साहेब म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा पडला की मला बघवेना. मान हलवत होते ते नाही म्हणूनच असणार. पण मान तर आजारापासून सारखीच हलायची.

संभानं मला विचारलं, का नको ते तरी सांगा. ऊन लागलं की फुगतो, गादीसारखा, त्याला अंग पसरायला जागा पाहिजे, असं काहीबाही मी बोलले. पोरं हसली. एक जण म्हणाला, "वैनी, सिमेंट काय पापड हाय व्हय फुगायला?" भाभीही म्हणाल्या, जाऊ दे वैनी, पोरांनी मायेनं केलंय. त्या मायेपुढं काय बोलणार? चिडून भांडावं तर समोर भांडायला कुणी वाईट माणूसच नव्हता. दुपारपर्यंत वरच्या चौकापासून खालच्या पुलापर्यंत सगळ्या फटी बंद झाल्या. साहेब बोटं फाकवून बसले होते. शेवटी हात दमून मांडीवर पडला.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांचं पातं मागून आणलं आणि दारातली फट कोरायला बसले. सिमेंट धरलेलं होतं. पातं मोडलं. संभाला निम्मं ऐकवून निम्मं विनवून बघितलं. तो म्हणाला, आता ब्रेकर लावावा लागंल, त्यानं कडा फुटतील, चांगला रस्ता कशाला नासवायचा? ऑफिसात गेले तर तिथला माणूस म्हणाला, सगळं गाव खड्ड्यांची तक्रार घेऊन येतं, तुम्ही गुळगुळीत रस्त्याची घेऊन आलाय. चहा मलाही मिळाला.

आणि खुर्ची खरोखरच लोण्यासारखी पळायला लागली. साहेब रोज सेंटरला जायला लागले. महिन्याभरानं एकदा माझ्याकडं बघून, सगळं अंग एकवटून, "वै" म्हणाले. वैनीतला वै. भाभींनी पेढे वाटले. मला एकच आशा लागून राहिली, की ऊन तापायच्या आत यांना वाचा यावी. एकदा सांगून टाकतील आणि संभा त्यांचं ऐकेल. शब्द यायची वाट बघत आम्ही होतो, आणि तिकडं दिवस तापत चालले होते.

होळी झाली तशी साहेबांनी दुपारचं घरात बसायचं सोडलं. खुर्ची उंबऱ्यात लावायला लावायचे आणि दारापुढच्या सांध्याकडं बघत बसायचे. भाभी आत ओढायला गेल्या की डाव्या हातानं चौकट धरून ठेवायचे. चैत्रात सांध्याच्या कडेचे टवके उडायला लागले. बुजवलेलं सिमेंट पिळून निघाल्यासारखं वर आलं होतं. मी रोज जाऊन बघायचे आणि परत यायचे. तापलेल्या रस्त्याला मी काय सावली धरणार होते?

मे महिन्यात एका दुपारी मी गिरणी बंद करत होते. माळ्यावरून भरलं पोतं पडावं तसा आवाज झाला, पायाखालची फरशी हलली. बाहेर आले तर धुरळा उडालेला. साहेबांच्या दारासमोर रस्त्याचे दोन तुकडे एकमेकांना टेकवून ठेवलेल्या पाटांसारखे गुडघाभर वर उचलले होते, कडांचा चुरा झाला होता. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. साहेब उंबऱ्यातच होते. रडले नाहीत, हात आपटला नाही. सावकाश म्हणाले, "बरं."

त्यानंतर खुर्ची दाराबाहेर निघेना. रिक्षा आत येईना. खात्याची माणसं आली, बघून गेली, दोन्ही बाजूंना दोरी बांधली. पोरांनी उचलून नेलं असतं साहेबांना, पण पोरं गल्लीत दिसेनाशी झाली. संभा तर मागच्या बोळानं ये-जा करायचा. मीच त्याला सांगून टाकलं होतं, तिथंच फुटलेल्या तुकड्यांपाशी उभी राहून, की साहेब नको म्हणत होते. आता ते सांगून काय उपयोग होता, पण माझ्या तोंडाला कुठं दम आहे. सेंटरला जाणं बंद पडलं. "वै" परत गेला. साहेब जेवेनासे झाले.

त्यांना मी शेवटचं बघितलं ते त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी. पहाटेपासून श्वास लागला होता. भाभींची हाक ऐकून मीच संभाच्या दाराची कडी वाजवली आणि तो तसाच धावत आला. रिक्षा चौकाच्या तोंडाशी उभी राहिली. संभानं आणि आणखी तिघांनी साहेबांना घरातल्या साध्या खुर्चीवर बसवून उचललं. उचललेल्या तुकड्यांपाशी आले. सकाळच्या गारव्यानं ते तुकडे जरासे खाली बसले होते, मधे हात जाईल एवढी फट उघडली होती. साहेबांनी डाव्या हातानं संभाच्या शर्टाची बाही धरली. पोरं थांबली. साहेब वाकून त्या फटीकडं बघत राहिले.

संभाला ते सहन झालं नाही. खुर्चीचा पाय हातात धरूनच तो रडायला लागला.

"साहेब, आमच्यामुळंच झालं न्हवं ह्ये?"

साहेबांनी त्याच्याकडं बघितलं. त्यांचे ओठ मिटून जुळत आले. मी समोर उभी होते, मला दिसत होतं कुठला शब्द येतोय ते. दुसरा शब्दच नव्हता त्यांच्याजवळ. तेवढ्यात त्यांनी बाही सोडली, डावा हात उचलला आणि स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून धरला.

पोरांनी खुर्ची तुकड्यांवरून पलीकडं नेली. रिक्षात बसवलं, भाभी शेजारी बसल्या. रिक्षा चौकात वळेपर्यंत मी बघत होते. साहेबांचा हात तोंडावरच होता.